हात छातीशी

॥ जय सेवालाल ॥

कनेरगाव नाका, ता. हिंगोली, जि. परभणी
ता. २८ ऑक्टोबर १९७४

चि. धनसिंग यास दादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोटो पोचला. तो काय भावात पडला ते आधी सांगतो. सकाळपासून माणसं फोटो बघायला हॉटेलात येऊन राहिली. बघणारे बाकडी भरून, चहा सांगणारे तिघं. मी दाखवण्यात गुंग, तिकडं दूध उतू गेलं, भज्यांचा एक घाणा कोळसा झाला. वाशिमची गाडी आली तर ड्रायव्हरला द्यायला धुतलेला कप न्हाई. तो रागानं समोरच्या हॉटेलात गेला आणि त्याच्या मागं गाडीभर पॅसेंजर. वरून याडीनं लेकाचा म्हणून फोटो पदरात बांधून घेतला, तो आता मलाच बघायला मिळत न्हाई. म्हणजे धंदाही गेला आणि फोटोही गेला. तरी पुढच्या खेपेला आणखी पाठव.

तुझ्या खांद्यावर हात टाकून उभा आहे तो डेल, तुझ्या वर्गातला दोस्त, हे मी सगळ्यांना सांगितलं. पुनमचंद नायकांनी त्याला चष्मा पुसून पुसून पाहिलं. म्हणाले, आपले बैलांचे तांडे मीठ वाहत होते त्या काळी ह्या गड्याला पुढं नुसता उभा केला असता तरी वाटमारे घरी जाऊन झोपले असते.

सोबतचं त्याच्या खेळाचं पेपरचं कात्रणही पाहिलं. टकरीआधी एडके थांबतात तशा दोन रांगा समोरासमोर वाकून बसल्यात. डोक्यावर सारखीच टोपडी, सारखीच पोटं. रतनसिंग म्हणतो, दोन्हीत फरक काही न्हाई, कपड्याचा रंग तेवढा वेगळा. मला हे पटलं न्हाई. दोन माणसं सारखी दिसली तरी एक दार उघडायला आला आहे का लावायला, हे त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. तर ह्या दोन रांगांत फरक काय, ते नीट समजावून लिही. हॉटेलात पैज लागली आहे.

घरी सगळे ठीक. चंदाबाईचा पासपोर्ट दसऱ्याला हातात आला, बाकीचेही कागद झाले. तुझी वहिनी म्हणते, तिकीट आलं, कागद आले, आता पाठवून द्या. पण दिवाळी तोंडावर आहे. सणाला घरची धाकटी सून कुठं गेली असं लोकांनी विचारलं तर काय सांगू? दिवाळी होऊ दे. तिचं स्वतःचं म्हणणं काय ते मला माहीत न्हाई. मी पडलो तिचा भाया, नवऱ्याचा थोरला भाऊ. तिचा घुंगट आणि माझी मान, दोन्ही खाली. अडीच वर्षं एका घरात राहून आमच्यात एक शब्द झाला न्हाई आणि आपल्यात तो होतही न्हाई.

तू ज्या बाकड्यावर आडवा पडून परीक्षेचा अभ्यास करायचास ते अजून आहे. त्याच्यावर गिऱ्हाईक बसलं की मी उगीच एकदा वळून बघतो. गिऱ्हाइकाला वाटतं मी पैशासाठी बघून राहिलो.

तब्येतीला जप. दूर असलास तरी जीव लावत जा.

तुझा दादा,
उत्तमसिंग

---

लिंकन, नेब्रास्का
ता. १६ नोव्हेंबर १९७४

ती. दादांच्या पायांवर धनसिंगचा डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत ज्वारीची कणसं मोजता मोजता वाचलं आणि हसलो तेव्हा मोजणी चुकली. पहिल्यापासून मोजावी लागली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी डेललाच विचारलं. तो वाटाण्याच्या डब्यांनी टेबलावर दोन रांगा मांडून तासभर बोलला. त्यातलं मला कळलं ते लिहितो.

इथल्या फुटबॉलचा चेंडू नारळासारखा लांबट असतो आणि तो एका वेळी एकाच बाजूकडे असतो. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांच्या पुढे पाच धिप्पाड माणसांची रांग वाकते. ही राखणारी रांग. त्यांच्या मागे चेंडूवाला उभा असतो. समोरची रांग मोडणारी. तिला ह्या पाचांना फोडून चेंडूवाल्याला लोळवायचं असतं. डेल राखणाऱ्यांपैकी आहे.

रतनसिंगना सांगा की पैज ते हरले. मोडणाऱ्याला चेंडू कुठे जाणार ते माहीत नसतं. म्हणून त्याला सगळी मोकळीक. तो चुळबुळ करू शकतो, जागा बदलू शकतो, समोरच्याला हातांनी धरून बाजूला फेकू शकतो. त्यानं चेंडूवाल्याला पाडलं की लोक त्याच्या नावानं ओरडतात आणि सकाळी पेपरात त्याचा फोटो येतो.

राखणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक असतं, चेंडू कधी हलणार आणि कुठे जाणार ते. पण तोवर त्यानं दगड व्हायचं. एकदा वाकून बसला की खांदा जरी हलला तरी सगळ्यांना मागे सरावं लागतं. पुष्कळदा त्याला उलट्या पावलांनी पाठीमागे चालत राखण करावी लागते. आणि दादा, मोठा फरक हातांचा आहे. राखणाऱ्यानं मुठी वळून हात छातीशी ठेवायचे. खांद्यानं, कोपरानं थोपवायचं, पण कुणाला धरायचं नाही. धरायची मुभा मोडणाऱ्याला, राखणाऱ्याला नाही.

राखणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. त्याची चूक झाली तरच ते भोंग्यावरून ऐकू येतं. त्यांच्या संघाची ह्या वर्षातली सगळ्यांत लांब दौड कशी होती ते मी डेलला विचारलं. तो म्हणाला, मला काय ठाऊक, मी दोन माणसांखाली पालथा होतो. लोकांच्या आवाजावरून कळलं की आपला माणूस सुटला.

आता माझं विचारणं. दिवाळी झाली असेल. मी दोन खिडक्यांची खोली घेतली आहे. एका खिडकीतून रस्ता दिसतो आणि दुसरीतून रिकामं शेत. चंदा आली की ती कोणत्या खिडकीशी बसेल ह्याचा विचार करून मी खुर्ची रोज इकडून तिकडे हलवतो. तारीख कळवावी.

याडीला आणि वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
धनसिंग

---

॥ जय सेवालाल ॥

कनेरगाव नाका
ता. ३० नोव्हेंबर १९७४

चि. धनसिंग यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र हॉटेलात मोठ्यानं वाचलं. रतनसिंग पैज हरला आणि सगळ्यांना शेव खाऊ घालून बसला. पुनमचंद नायकांनी विचारलं, जो चेंडूला हातच लावत न्हाई त्याला एवढं खाऊ काहून घालतात? रामसिंग म्हणाला, काका, तुमी तरी नायक म्हणून बसून काय करता? नायक दिवसभर त्याच्याशी बोलले न्हाईत. याडीनं एवढंच विचारलं, की दोन माणसांखाली पालथा पडतो त्या डेलच्या आईला हे माहीत आहे का.

मला मात्र तुझ्या पत्रानं माझी जात कळली. मी राखणारा. ह्याच रस्त्यावर खडी फोडली. खडी फोडणाऱ्यांना चहा पाजता पाजता चूल मांडली, चुलीवर पत्रा घातला, पत्र्याखाली हॉटेल केलं. तुला परभणीच्या कॉलेजात धाडलं, तिथून अमेरिकेत. बापू गेल्यापासून ह्या घरातून काही निसटू दिलं न्हाई. तुझी बायकोही तशीच राखली. तांड्यात तिला वाकडा शब्द बोलायची कुणाची हिंमत न्हाई. माझं नावही भोंग्यावर कधी आलं न्हाई म्हणजे चूक न्हाई, हे तुझ्याच पत्रावरून सिद्ध झालं.

तारखेचं विचारलंस. आता कापूस वेचणी आहे. ती झाली की माघात रतनसिंगच्या बहिणीचं लग्न. नवरीच्या ओढणीला आरसे लावायचं काम चंदाबाईकडं आहे. तिच्यासारखा आरसा साऱ्या तांड्यात कुणी बसवत न्हाई. ते अर्धं टाकून ती कशी जाईल? मग उन्हाळा लागेल. उन्हाळ्यात एवढा प्रवास बरा न्हाई.

आणि मी म्हणतो, तुझं शिकणं संपतच आलं असेल. मग तिनं काहून समुद्रापार जायचं? तूच ये. परभणीला ज्वारीवाल्यांना माणसं पाहिजेत असं एक मास्तर चहा पिताना बोलून राहिला होता. मी भांडी विसळत होतो, पण बराबर ऐकलं. इथूनही शेत दिसेल अशी खिडकी मी पाडून देतो. भिंत माझीच आहे.

संध्याकाळची हिंगोलीची गाडी आली की याडी अजून उतरणारी माणसं बघते. मी तिला सांगतो, अमेरिकेची माणसं एसटीनं येत न्हाईत. ती म्हणते, मग कशानं का येईना. खरं सांगू, मीही तिकडंच बघत असतो.

राग मानू नको, जवळचा आहेस म्हणून लिहिलं.

तुझा दादा,
उत्तमसिंग

---

लिंकन
ता. २२ डिसेंबर १९७४

ती. दादांना धनसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इथे बर्फ पडलं आहे. गुडघ्याएवढं. सगळं पांढरं आणि गप्प. नाक्यावर गाडीनं ब्रेक दाबला की कावळे उडायचे तो आवाज मला ह्या शांततेत आठवतो. काल बाजारात मेथीसारखी एक जुडी दिसली म्हणून घेऊन आलो. मेथी नव्हती. तरी भाकरी समजून पाव घेतला आणि तिच्यासंगं खाल्ला.

मास्तरांनी मला आणखी दोन वर्षं राहायला सांगितलं आहे. पुढचं मला माहीत नाही. दादा, मी परत येणार नाही असं कधी लिहिलं नाही, आणि येईन असंही लिहायला हात धजत नाही. तुम्हाला खोटं लिहिलं तर तुम्हाला कागदावरूनही ऐकू जातं.

डेलची एक हकीकत सांगतो. हंगामाच्या शेवटच्या खेळात त्यांचा पळणारा सुटला आणि मैदानाच्या टोकापर्यंत गेला. लोक नाचायला लागले. तेवढ्यात पंचानं शिट्टी मारली आणि भोंग्यावर डेलचं नाव आलं. समोरचा माणूस त्याला हुलकावणी देऊन निघत होता, तेव्हा डेलनं त्याचा सदरा मुठीत धरला होता. ती सगळी दौड रद्द झाली. पळणारा होता त्याहून मागे येऊन उभा राहिला. संघ हरला.

रात्रीच्या जेवणाला डेल माझ्याकडे आला आणि काही खाईना. म्हणाला, मी धरलं हे मला कळलंच नाही. मला वाटलं मी राखतोय. माणूस हातातून निघून चालला की मूठ आपोआप वळते. तो सारखी मूठ उघडून तिच्याकडे बघत होता. मी त्याला खिचडी वाढली.

मी आता तारीख विचारत नाही. तुम्ही ठरवाल तेव्हा.

याडीच्या पायांना हात लावून सांगा की मी जेवतो. आपला जिव्हाळा हीच इथली ऊब.

आपला,
धनसिंग

---

॥ जय सेवालाल ॥

कनेरगाव नाका
ता. २१ फेब्रुवारी १९७५

चि. धनसिंग यास आणि सौ. चंदाबाईस दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तार मिळाली. पोचली हे कळलं, आता सविस्तर लिहितो.

तुझं मागचं पत्र हॉटेलात वाचलं, पण डेलच्या चुकीचा मजकूर मी गिळला. पुनमचंद नायक कोपऱ्यातून म्हणाले, उत्तम्या, बर्फातून एकदम खिचडीवर कसा आलास? मधी काय आहे? मी म्हटलं, शाई पसरली आहे. त्यांनी चहा संपवला आणि जाताना म्हणाले, शाई बरी जागा बघून पसरते.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी मी हॉटेलामागं लाकडं रचत होतो. कुडाच्या पलीकडं चंदाबाई ज्वारी दळत होती. ती हळू आवाजात गाऊन राहिली होती. आपल्यात नवरी निघताना बैलापाशी उभी राहून एकेकाचा निरोप घेत रडून गाते, ते गाणं. सासरच्या घरी ते कुणी गात न्हाई. ती एकटीच गात होती. याडीचा निरोप घेतला. तुझ्या वहिनीचा, शकुंतलेचा घेतला, मोठ्या जावेनं चोरून दूध दिलं त्याचंही त्यात आलं. शेळीचासुद्धा घेतला. मग माझी पाळी आली. भायाचं नाव तोंडानं कसं घेणार? तिनं गाणं थांबवलं. एका ओळीपुरतं नुसतं जातं फिरलं. मग ती पुढं गेली, विहिरीचा निरोप घ्यायला.

लाकडं तशीच टाकली आणि नायकांकडं गेलो. धाकट्या सुनेला तांड्याबाहेर पाठवायची आहे, परवानगी द्या, म्हटलं. ते म्हणाले, मी तर दसऱ्यालाच दिली होती, तू मागायला आज आलास. रतनसिंगच्या बहिणीचं लग्न उरकलं, ओढणीचे आरसे पुरे झाले आणि निघायचं ठरवलं.

तुला वाटेल गाडीत बसवलं आणि झालं. तसं न्हाई. तुला रीत ठाऊक आहे. निघणारीच्या गळ्यात पडून प्रत्येक बाई गाऊन रडणार आणि तिचं पुरं झाल्याशिवाय सोडणार न्हाई. समुद्रापार जाणारी पहिलीच म्हणून सारा तांडा नाक्यावर उतरला. अकोल्याची गाडी येऊन उभी. कंडक्टर घंटी मारून राहिला, वरडून राहिला, की एक तर सगळ्या बसा न्हाई तर सगळ्या उतरा. एकीची मिठी सुटेपर्यंत दुसरी येई. तिकडं मुंबईची रेल्वे कुणासाठी थांबणार होती?

मी रतनसिंग, रामसिंग आणि आणखी दोघांना बाजूला घेतलं. म्हटलं, धनसिंगनं लिहिलं तसं करायचं. पाचही जण खांद्याला खांदा. तोंड बायांकडं, पाठ चंदाबाईकडं. मुठी छातीशी. बाईमाणूस आहे, कुणाला धरायचं न्हाई, ढकलायचं न्हाई, हात उघडलेला दिसला तर मी स्वतः हाणीन. आणि पाठीमागं चालत गाडीच्या दारापर्यंत जायचं.

लेका, ती तांड्यातली फळी तुझ्या अमेरिकेत न्हाई! रामसिंगच्या काकूनं त्याला ढोपरापासून खांद्यापर्यंत बांगड्या मारल्या. रतनसिंगला सख्ख्या बहिणीनं शिव्या घातल्या. एक म्हातारी माझ्या छातीवर डोकं आपटून म्हणाली, मेल्या, आधी तीन वर्षं जाऊ दिली न्हाईस आणि आता रडूही देत न्हाईस. मी मुठी वळून उभा. रामसिंग पाय अडकून पडला, तरी पडल्या पडल्या हात छातीशीच. चंदाबाई आमच्या पाठीमागनं गाडीत चढली. मला ती चढताना दिसली न्हाई. कंडक्टरनं दोन घंट्या मारल्या तेव्हा कळलं.

मग गाडी सुटली. आणि माझ्या ध्यानात आलं की तिला मुंबईला पोचवणारे शकुंतला आणि मी, शकुंतला आत आणि मी खाली! चप्पल टाकून पळालो. त्याच बाया आता हसून हसून माझ्या नावानं वरडून राहिल्या होत्या. शकुंतला खिडकीतून हात काढून कंडक्टरला सांगत होती, थांबवा हो, आमचं माणूस राहिलं. मुंबईपर्यंत मी अनवाणी गेलो.

विमानतळावर तिकीटवाल्यालाच आत सोडतात. चंदाबाईचा आरशांचा घागरा बघून लोक वाट देत होते. दाराशी ती थांबली. लांबूनच वाकली. शकुंतलेच्या कानात काही बोलली. शकुंतलेनं मला सांगितलं, ती म्हणते भायांनी जेवायची वेळ टाळू नये. मी शकुंतलेला म्हटलं, तिला सांग, टाळणार न्हाई. दार लागलं.

आमी दोघं बाहेर एका बदामाच्या झाडाखाली बसलो. शकुंतला म्हणाली, इतकी विमानं उडून राहिली, आपली कशात गेली ते कसं कळणार? मी म्हटलं, हे कान कशाला दिले आहेत? नाक्यावर डोळे मिटून बसलो तरी येणारी गाडी वाशिमची का हिंगोलीची ते मी सांगतो. दुपारी चारनंतर एक विमान उठलं. बाकीच्यांपेक्षा आवाज जड, ओढून धरल्यासारखा, आणि मग एकदम मोकळा. मी उभा राहिलो. म्हटलं, हेच. आवाज पार विरेपर्यंत हात जोडून उभा होतो. मग रेल्वे गाठली. शकुंतलेनं रस्ताभर विचारलं, नक्की तेच का? मी म्हटलं, दुसरं असेल तर कान कापून देतो. तर धनसिंग, डोळ्यांनी न्हाई पण कानांनी मी चंदाबाईला बराबर वर पोचवलं, हे तू लिहून ठेव.

घरात आता जात्याचा आवाज सकाळी उशिरा येतो. याडी संध्याकाळच्या गाडीला अजून बघते. आता दोघांसाठी बघते.

माया कमी पडू देऊ नका.

तुमचा दादा,
उत्तमसिंग

---

लिंकन
ता. १० मार्च १९७५

ती. भायांना चंदाबाईचा पदर घेऊन नमस्कार. वि. वि.

मी समोर कधी बोलले नाही. हे म्हणाले, कागदावर बोललेलं चालतं. मी चौथी शिकले आहे, चूक झाली तर जाऊबाईंकडून सांगावं.

मी सुखरूप आहे. खोलीला दोन खिडक्या आहेत. मी शेताच्या खिडकीशी बसते. शेतात अजून काही नाही.

ते डेल आले होते. दारातून वाकून आले. तुमचं पत्र ह्यांनी त्यांना सांगितलं. रामसिंगभाऊ पडल्यावरही हात छातीशी होते हे ऐकून ते उठून उभे राहिले आणि पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, की पाचांनी पहिल्यांदा कोणता पाय मागे टाकला? मला माहीत नव्हतं. मीही पाठीमागेच होते. रामसिंगभाऊंना विचारून कळवावं. मी त्यांना भाकरी दिली. इथलं पीठ नीट थापलं जात नाही, पण त्यांनी सगळ्या खाल्ल्या.

हे परत जाऊ म्हणतात. मी विचारलं कधी, तर खिडकीची काच पुसत बसले. काच स्वच्छच होती. मी आता विचारत नाही. याडीला सांगावं की गाडी बघताना उन्हात उभं राहू नये.

दळताना गाणं म्हणायची सवय इथे मोडली, जातं नाही. पण तुमच्या निरोपाची ओळ राहिली होती ती मी मनात पुरी केली आहे.

आपली सावली आमच्यावर असू द्यावी.

आपली धाकटी सून,
चंदाबाई

ता. क. तुमचं विमानाचं लिहिलेलं ह्यांनी मला वाचून दाखवलं. आमच्या विमानात काही बिघाड होता, म्हणून आम्हाला आतच बसवून ठेवलं होतं. मी काचेजवळ बसले होते, तिथून बदामाचं झाड दिसायचं. तुम्ही उभं राहून हात जोडले ते मी पाहिलं. मग तुम्ही आणि जाऊबाई उठून गेलात तेही पाहिलं. आमचं विमान रात्री दहा वाजता उडालं.